आपल्या पाण्याची धरणं कितपत सुरक्षित? ठाणे-नवी मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जून उजाडला की मोरबे किती भरलं, बारवीची पातळी कुठवर आली, भातसा कधी ओसंडणार, हे आपण रोज बघतो. पाणीकपात टळणार की नाही, याचं उत्तर त्यात असतं. त्या भिंतीची तपासणी कधी झाली, कुणी केली आणि त्यात काय निघालं, हे मात्र क्वचितच कुणी विचारतं. मुसळधार पावसात मग व्हॉट्सअॅपवर ‘धरण फुटलं’ असा मेसेज फिरतो आणि अख्खी सोसायटी रात्रभर जागी राहते. अशा वेळी लोक जे प्रश्न विचारतात, ते इथे एकत्र घेतले आहेत.

आमच्या नळाला कुठल्या धरणाचं पाणी येतं, आणि ती धरणं कुणाची?

नवी मुंबई महापालिकेचं मुख्य धरण मोरबे. ते रायगड जिल्ह्यात खालापूर तालुक्यात धावरी नदीवर आहे. साठवण क्षमता १९०.८९ दशलक्ष घनमीटर, पूर्ण भरण्याची पातळी ८८ मीटर. हे धरण महापालिकेच्या मालकीचं आहे, आणि त्याचा अर्थ पुढे कायद्याच्या प्रश्नात येईल. बदलापूरजवळचं बारवी एमआयडीसीचं. ते ३३८.८४ दशलक्ष घनमीटरचं असून त्याचं पाणी ठाणे, नवी मुंबईचा काही भाग, कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर, मीरा-भाईंदर आणि औद्योगिक पट्ट्याला जातं. शहापूरचं भातसा राज्याच्या जलसंपदा विभागाचं. तानसा, मोडकसागर, मध्य वैतरणा मुंबई महापालिकेची. सिडकोच्या खारघर, उलवे भागाला पेणच्या हेटवण्याचं पाणी मिळतं.

थोडक्यात, एका जिल्ह्याच्या आसपास चार-पाच वेगवेगळे मालक आहेत. ‘सरकार काय करतंय’ असं विचारण्याआधी आपलं धरण कुठल्या मालकाचं, हे माहीत असलेलं बरं.

धरण फुटलं तर ठाणे, नवी मुंबई बुडेल का?

पहिला आणि सगळ्यात मोठा धोका धरणाच्या लगेच खाली राहणाऱ्यांना असतो. मोरबेखाली धावरीकाठची खालापूरची गावं आहेत. बारवी नदी उल्हासला मिळते, तर भातसा काळूला आणि काळू पुढे उल्हासला. म्हणजे शहापूर, मुरबाड, अंबरनाथ, कल्याण तालुक्यांतल्या नदीकाठच्या वस्त्या आधी येतात. तानसाखाली वज्रेश्वरी-गणेशपुरीचा पट्टा आहे. ठाणे शहराचा बराचसा भाग या भिंतींपासून लांब, खाडीच्या अंगाला आहे.

कुठे किती फूट पाणी चढेल आणि किती वेळात पोहोचेल, हे अंदाजाने सांगायची गोष्ट नाही. त्यासाठी पूरबाधित क्षेत्राचे नकाशे काढावे लागतात आणि ते काढणं आता मालकावर बंधनकारक आहे.

पाणी आपण पितो आणि जोखीम त्या गावांच्या वाट्याला येते. म्हणूनच हे प्रश्न शहरातल्या लोकांनी विचारायला हवेत, असं मला मनापासून वाटतं.

धरणं मुळात फुटतात कशामुळे?

मातीचं धरण आणि दगडी किंवा काँक्रीटचं धरण, यांची दुखणी वेगळी असतात.

मातीच्या धरणाला सगळ्यात घातक म्हणजे माथ्यावरून पाणी वाहणं. सांडवा, म्हणजे जादा पाणी सोडायची वाट, अपुरा पडला किंवा दरवाजे उघडले नाहीत तर पाणी माथ्यावर चढतं. ते एकदा मातीच्या उतारावरून वाहू लागलं की काही तासांत भराव कापून नेतं. दुसरं दुखणं आतून सुरू होतं. भरावातून किंवा पायातून झिरपणारं पाणी मातीचे कण सोबत आणू लागतं, आत बीळ पडतं आणि ते मागे मागे वाढत जलाशयापर्यंत पोहोचतं. बाहेरून तोवर सगळं ठीकठाक दिसत असतं.

दगडी आणि काँक्रीटच्या धरणात पायाचा खडक, सांधे आणि भिंतीखालून वर ढकलणारा पाण्याचा दाब यांची चिंता जास्त. दरवाजांचं दुखणं दोन्हीकडे सारखंच. ऑगस्ट २०२४ मध्ये तुंगभद्रा धरणाच्या १९ क्रमांकाच्या दरवाजाची साखळी तुटली आणि दरवाजा वाहून गेला. भिंत शाबूत राहिली, पण एका साखळीपायी प्रचंड पाणी सोडून द्यावं लागलं.

महाराष्ट्रात असं कधी झालंय?

झालंय. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, त्या लोंढ्यापुढे खालचं खडकवासलाही टिकलं नाही आणि पुण्याच्या पेठा पाण्याखाली गेल्या. पानशेतचं काम पूर्ण झालेलं नव्हतं. विमोचकाच्या, म्हणजे भरावाखालून पाणी बाहेर सोडणाऱ्या मार्गाच्या, दरवाजांचं काम अर्धवट असतानाच पावसाळ्यात धरण भरू दिलं आणि विमोचकावरचा मातीचा भराव खचत गेला. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपात तिथल्या काँक्रीटच्या भिंतीला तडे गेले. धरण टिकलं, पुढे भिंतीला आधार देऊन ते मजबूत करण्यात आलं.

आणि २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं. भेंदवाडी वाहून गेली, वीसहून अधिक माणसं दगावली. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. नंतर तेव्हाच्या जलसंधारण मंत्र्यांनी खेकड्यांना दोष दिला. खेकडे, घुशी भरावात बिळं करतात हे खरं आहे, आणि म्हणूनच ती बिळं वेळेत शोधून बुजवणं हा देखभालीचा भाग असतो. बिळं राहिली असतील तर देखभाल राहिली, एवढाच त्याचा अर्थ.

२०२१ च्या कायद्याने नेमकं काय बदललं?

आधीही तपासण्या होत होत्या. राष्ट्रीय धरण सुरक्षा समिती १९८७ पासून होती, आणि नाशिकची धरण सुरक्षितता संघटना महाराष्ट्रातल्या धरणांचं काम जुन्या काळापासून बघते. पण त्यामागे कायद्याचा जोर नव्हता. धरण सुरक्षा अधिनियम, २०२१ हा ३० डिसेंबर २०२१ पासून लागू झाला आणि जबाबदारी थेट मालकावर आली.

१५ मीटरपेक्षा उंच सगळी धरणं या कायद्यात येतात. १० ते १५ मीटर उंचीची धरणं लांबी, साठा, पुराचा विसर्ग किंवा अवघड पाया अशा निकषांवर येतात. अशा प्रत्येक धरणाच्या मालकाने स्वतःचं धरण सुरक्षा पथक ठेवायचं, पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी करायची, मोठा पूर किंवा भूकंप झाला तर पुन्हा करायची, नोंदवही ठेवायची आणि देखभालीसाठी पैसे राखून ठेवायचे. वर राज्य धरण सुरक्षा संघटना, राज्य समिती, आणि दिल्लीत राष्ट्रीय धरण सुरक्षा प्राधिकरण. कर्तव्यात अडथळा आणला किंवा निर्देश धुडकावले तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, आणि त्यातून जीवितहानी झाली तर दोन वर्षांपर्यंत कैद.

मोरबेच्या बाबतीत ‘मालक’ म्हणजे नवी मुंबई महापालिका. धरणाच्या सुरक्षेचा प्रश्न महासभेत विचारण्याचा हक्क नगरसेवकाला आहे, आणि तो विचारायला लावण्याचा हक्क मतदाराला.

पाच वर्षांची मुदत म्हणतात ती कसली?

कायदा लागू झाल्यापासून पाच वर्षांच्या आत प्रत्येक मालकाने तीन गोष्टी करायच्या आहेत: स्वतंत्र तज्ज्ञांच्या पथकाकडून धरणाचं सर्वंकष सुरक्षा मूल्यमापन, जोखमीचा अभ्यास, आणि आपत्कालीन कृती आराखडा. ही मुदत डिसेंबर २०२६ च्या अखेरीला पुरी होते. यातलं मूल्यमापन मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. नेहमीची तपासणी मालकाचेच अभियंते करतात. मूल्यमापनात बाहेरची माणसं मूळ संकल्पचित्रापासून सगळं तपासतात: तेव्हा धरलेला पूर आजच्या पावसाच्या नोंदींनुसार पुरेसा आहे का, सांडवा तेवढं पाणी सोडू शकेल का, भिंत भूकंपात टिकेल का.

पुराचा मुद्दा आपल्याकडे विशेष गंभीर आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. भारतीय मानकानुसार ६० दशलक्ष घनमीटरपेक्षा मोठ्या साठ्याचं धरण शक्य असलेल्या कमाल पुराला पुरं पडलं पाहिजे. मोरबे आणि बारवी दोन्ही या मोठ्या गटात मोडतात.

तपासणीला येऊन अभियंते बघतात तरी काय?

मे महिन्यातली तपासणी डोळ्यांपुढे आणा. आधी माथ्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत पायी चालायचं. माथ्यावर लांबीच्या दिशेने भेग दिसली तर उतार सरकतोय का, हा संशय घ्यायचा. पाण्याच्या बाजूला पिचिंगचे, म्हणजे उताराचं लाटांपासून रक्षण करायला रचलेले, दगड खचलेत का, लाटांनी सुटलेत का ते बघायचं. खालच्या उतारावरचं गवत त्याआधी कापलेलं असलं पाहिजे, कारण उंच गवतात ओलसर डाग दिसत नाही. आजूबाजूचं गवत वाळलेलं असताना एखादाच पट्टा हिरवागार असेल, तर तिथे आतून पाणी येतंय. उतारावर झाड उगवलं असेल तर ते लहान असतानाच काढायचं. मोठं झाड मेलं की मुळं कुजतात आणि पाण्याला आयती वाट मिळते.

मग धरणाच्या पायथ्याशी. तिथल्या चरात झिरपलेलं पाणी गोळा होतं आणि व्ही-नॉचवरून, म्हणजे त्रिकोणी खाच पाडलेल्या पत्र्यावरून पडतं. खाचेतल्या पाण्याची उंची पट्टीने मोजली की किती लिटर झिरपतंय ते कळतं. नुसत्या त्या आकड्याला फारसा अर्थ नसतो. जलाशयाची पातळी हीच असताना गेल्या वर्षी किती होतं, त्याच्याशी तो ताडून बघावा लागतो. तेच पाणी बाटलीत भरून उजेडात धरायचं. निवळ असेल तर ठीक. गढूळ असेल तर माती वाहून येतेय आणि त्याच दिवशी वर कळवायचं.

दगडी, काँक्रीटच्या धरणात आत निरीक्षण गॅलरी असते. तिथे ओघळांसोबत चुन्याचे पांढरे थर जमतात. ते कुठे वाढतायत, निचऱ्याची भोकं बुजलीत का, हे बघतात. शेवटी दरवाजे. ते प्रत्यक्ष उचलून खाली सोडून बघायचे, वायर रोपला ग्रीस आहे का, रबरी सील फाटलं नाही ना, आणि वीज गेली तर डिझेल जनरेटर दरवाजाचं ओझं खरंच उचलतो का. नुसता चालू करून बंद केलेला जनरेटर ही तपासणी नव्हे. पावसाच्या रात्री वीज हमखास जाते.

अहवालातल्या श्रेणी १, २, ३ चा अर्थ काय?

श्रेणी १ म्हणजे अशा त्रुटी, ज्यांनी धरण फुटू शकतं. श्रेणी २ म्हणजे गंभीर त्रुटी, ताबडतोब दुरुस्ती हवी. श्रेणी ३ म्हणजे किरकोळ त्रुटी किंवा काहीच नाही. एकच त्रुटी वर्षानुवर्षं श्रेणी २ मध्येच लिहिली जात असेल, तर तपासणी होतेय पण दुरुस्ती होत नाही, हे सरळ आहे. अहवाल मागवलात तर एका वर्षाचा नको, सलग काही वर्षांचा मागा.

धरणातून पाणी झिरपतंय, म्हणजे धोका आहे का?

प्रत्येक धरण थोडंफार झिरपतंच, मातीचं तर हमखास, आणि ते पाणी सुखरूप बाहेर काढायला गाळण थर आणि चर केलेले असतात. झिरपणं अचानक वाढलं, नव्या ठिकाणी सुरू झालं, किंवा पाणी गढूळ आलं तर मात्र तासाभराचाही उशीर नको.

दरवाजे उघडले की धरण धोक्यात आलं असं समजायचं का?

नाही. पाणी सांडव्यातून जाणं म्हणजे धरण ठरल्याप्रमाणे काम करतंय. धोका असतो तो नदीपात्रात उतरलेल्यांना आणि काठावर राहणाऱ्यांना. भातसाचा विसर्ग वाढला की सापगावचा पूल पाण्याखाली जातो, हे शहापूरकरांना सांगायला नको.

बारवीचं थोडं वेगळं आहे. उंची वाढवल्यानंतर तिथे स्वयंचलित दरवाजे बसवलेत. पाणी ७२.६० मीटरची पातळी गाठतं तेव्हा ते आपोआप उघडतात. माणसाने बटण दाबायची वाट बघावी लागत नाही ही सोय झाली, पण त्यामुळे खालच्या गावांना इशारा दरवाजे उघडायच्या आधीच, पातळी जवळ येताच गेला पाहिजे. (या उंचीवाढीसाठी गावं पाण्याखाली गेली. त्या माणसांच्या पुनर्वसनाचं देणं शहरांनी विसरू नये.)

२७ जुलै २०१९ ला वांगणी-बदलापूरदरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली, तेव्हा धरणाच्या अफवा फार फिरल्या. उल्हास नदीला पूर आला होता तो पावसाने. विसर्गाची बातमी धरणाच्या मालकाकडून किंवा जिल्हा प्रशासनाकडून आली नसेल तर ती पुढे पाठवू नका.

मग जुलैत धरण थोडं रिकामं का ठेवत नाहीत?

कारण तेच पाणी पुढच्या जूनपर्यंत पुरवायचं असतं. केव्हा किती पातळी ठेवायची याचा जलाशय परिचालन आराखडा असतो आणि पावसाचा अंदाज बघून विसर्ग ठरतो. पिण्याच्या पाण्याच्या धरणात भरून ठेवण्याकडे कल असतो, ते समजण्यासारखं आहे. पण जलाशय ऑगस्टच्या आरंभालाच काठोकाठ भरला आणि पावसाळ्याचे दोन महिने पुढे असतील, तर दरवाजे आणि सांडवा निर्दोष असायलाच हवेत.

इथे भूकंपाचा धोका आहे का?

२०१६ च्या भारतीय मानकात आपला पट्टा झोन ३ मध्ये, म्हणजे मध्यम धोक्याचा. १९८३-८४ मध्ये भातसा परिसरात भूकंपाचे धक्के बसले होते आणि जलाशय भरण्याशी त्यांचा संबंध अभ्यासकांनी जोडला होता. पालघरच्या डहाणू-तलासरी भागात नोव्हेंबर २०१८ पासून धक्क्यांची मालिका सुरू झाली. ३० मीटर किंवा त्याहून उंच धरणांवर भूकंपमापनाची सोय हवी, असं कायदा सांगतो.

तानसा तर १८९२ चं आहे. जुनी धरणं पाडावीत का?

वय एवढंच कारण धरून नाही. नीट राखलेलं जुनं दगडी धरण उत्तम चालतं आणि हयगय केलेलं नवं धरण वीस वर्षांत जीव घेतं, तिवऱ्याने ते दाखवलं. जुन्या धरणांत बघायचं ते सांडव्याची क्षमता आणि दर्जांतून, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांतून, निघून गेलेला चुना. हे सांधे पुन्हा भरता येतात, भिंतीत सिमेंटचं ग्राउटिंग करता येतं, म्हणजे आतल्या पोकळ्यांत दाबाने सिमेंट भरता येतं, मागून आधार देता येतो.

दुरुस्तीचा पैसा कुठून येतो?

मालकाच्या अंदाजपत्रकातून. शिवाय केंद्राची जागतिक बँकेच्या साहाय्याने चालणारी धरण पुनर्वसन व सुधारणा योजना, म्हणजे ‘ड्रिप’, आहे. तिचे दुसरा आणि तिसरा टप्पा मिळून १९ राज्यांतली ७३६ धरणं आणि १०,२११ कोटी रुपये, त्यात महाराष्ट्राची १६७ धरणं. राज्यात मोठी धरणं २,३०० हून अधिक आहेत. तेव्हा बहुतेकांचा खर्च मालकालाच करावा लागणार.

गावातले पाझर तलाव आणि लहान बंधारे कायद्यात येतात का?

उंचीच्या निकषात बसत नसतील तर नाही. मुरबाड-शहापूरच्या पट्ट्यातल्या अशा कामांची जबाबदारी मृद व जलसंधारण विभाग किंवा जिल्हा परिषदेच्या लघुपाटबंधारे विभागाकडे असते. तिथे कायमचा चौकीदार नसतो. गुराखी, शेतकरी हेच डोळे. त्यांनी सांगितलेली गळती तोंडी न ठेवता ग्रामपंचायतीच्या ठरावात लिहून घ्या, फोटो जोडा आणि तहसीलदारांकडून पोच घ्या.

आपत्कालीन कृती आराखड्यात काय असतं?

कोणती पातळी, कोणता बिघाड झाला की कुणी कुणाला फोन करायचा. पाणी कुठल्या गावात किती वेळात पोहोचेल. बाहेर पडायचा रस्ता कुठला आणि थांबायची जागा कुठली. मोबाइल नेटवर्क गेलं तर भोंगा की दवंडी. माझ्या मते आराखड्याची खरी परीक्षा एकच: पोलीसपाटील आणि सरपंच यांना तो ठाऊक आहे का. मोरबेच्या बाबतीत मालक ठाणे जिल्ह्यातली महापालिका आणि गावं रायगडमधली. दोन्ही जिल्हा प्रशासनांनी मिळून रंगीत तालीम केली नाही, तर निरोप जिल्ह्याच्या हद्दीवर अडकायचा धोका राहतो.

इशारा मिळाला तर?

नदीपासून लांब आणि उंचावर जा, सामानासाठी मागे फिरू नका. पाण्याखाली गेलेल्या पुलावर गाडी घालू नका. गुरांची दावी सोडा. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७, तातडीला ११२.

घर घेताना उल्हास, काळू, भातसाकाठी निळी आणि लाल पूररेषा बघून घ्या. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. बिल्डरच्या माहितीपत्रकावर विसंबू नका, नकाशा जलसंपदा विभागाचा मागा.

माहिती मागायची तर कशी?

माहिती अधिकाराचा अर्ज, १० रुपये शुल्क, उत्तराची मुदत ३० दिवस. मोरबेसाठी महापालिकेच्या पाणीपुरवठा विभागाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे, बारवीसाठी एमआयडीसीकडे, भातसासाठी जलसंपदा विभागाकडे. बारीक रेखाचित्रं सुरक्षेच्या कारणाने नाकारली जाऊ शकतात, म्हणून ती मागूच नका. पुढचे मुद्दे मागा: गेल्या पाच वर्षांतले पावसाळ्याआधीचे आणि नंतरचे तपासणी अहवाल, प्रत्येक त्रुटीची श्रेणी आणि ती दूर केल्याची तारीख, सर्वंकष मूल्यमापनाची सद्यस्थिती, आपत्कालीन आराखडा मंजूर झाल्याची तारीख आणि शेवटची रंगीत तालीम कधी झाली ते. अर्ज सोसायटीच्या नावाने न करता व्यक्तीच्या नावाने करा, आणि ‘का’ असं विचारण्याऐवजी नोंदी व प्रती मागा. खालच्या गावातल्या एखाद्या ग्रामपंचायत सदस्याला उत्तराची प्रत जरूर पाठवा.